येसाजीचे दोन पंप

महाडात 'येसाजी कुठे भेटेल' म्हणून विचाराल तर माणसं तुमच्याच तोंडाकडे बघतील. 'औषधवाला' म्हणा, की लगेच मोबाइल काढून नंबर देतील. वय एकसष्ट, अंगात खाकी शर्ट आणि जुन्या मोटरसायकलला दोन अंगांना बांधलेले फवारणीचे दोन पंप, एक पिवळा आणि एक निळा. गाव पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या काठाला. भाताची थोडी जमीन आहे, ती बायको आनंदीबाई बघते असं तो सांगतो. आनंदीबाई म्हणते, जमीनही मीच बघते आणि ह्यांनाही मीच बघते. दोघंही खोटं बोलत नाहीत.

त्याच्या धंद्यातलं गुपित आधीच सांगून टाकलेलं बरं. निळ्या पंपात औषध असायचं आणि पिवळ्या पंपात पाणी. अगदीच नुसतं पाणी नव्हे, त्यात थोडा कापूर आणि निलगिरीच्या तेलाचे चार थेंब. गिऱ्हाइकाच्या नाकाला बरं वाटावं, एवढ्यासाठी. वाळवी, ढेकूण, झुरळं असली की निळा पंप खांद्यावर चढायचा. बाकी सगळ्यांना पिवळा. आणि महाडात येसाजीचं जे नाव होतं ना, ते सगळं त्या पिवळ्यानं मिळवून दिलेलं.

त्याचं असं झालं. अकरा वर्षांमागे आषाढात एका डॉक्टरांच्या घरी वाणी निघाले. वाणी म्हणजे दुकानातले नव्हेत. ते तांबडे-काळे, ढिगभर पायांचे, हात लावला की वेटोळं करून पडणारे किडे. पायरीवर वाणी, न्हाणीत वाणी, चपलेत पाय घालावा तर त्यातही वाणी. येसाजी मोठ्या तोऱ्यात गेला, पंप उघडला, तर औषधाचा डबा घरीच राहिलेला. डॉक्टर दारात उभे, त्यांच्या मिसेस खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या. आता परत जातो कसं म्हणायचं? लाजेकाजेस्तव त्यानं नळाचं पाणी भरलं आणि ठोकून दिलं. घरी येऊन आनंदीबाईला म्हणाला, "आता शिव्या खायची तयारी ठेवायला हवी." सहाव्या दिवशी डॉक्टरांचा फोन. "येसाजी, कमाल आहे तुमच्या औषधाची. एक वाणी औषधाला दिसत नाही."

दुसरा कोणी असता तर हसून मोकळा झाला असता. येसाजीला हसू आलं नाही. वीस वर्षं आपण ज्यांना मारत आलो, ते आपले आपण जाणार होते? हे त्याच्या डोक्यातून जाईना. मग त्यानं एक रीत धरली. निरुपद्रवी किडा असेल तिथे पाणी मारायचं आणि दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी 'गुण आला का बघायला आलो' म्हणून त्या घरी जाऊन नुसतं बघत बसायचं. गिऱ्हाइकांना वाटे, काय चोख माणूस आहे.

आणि काय काय बघितलं त्यानं. मृगावर मातीतून उगवल्यागत वर येणारे मखमली तांबडे किडे. दिव्यावर झेपावणारी वाळवीची पाखरं, सकाळी केर काढायला जावं तर उंबऱ्यापाशी नुसत्या पंखांची रास. भात पिवळं पडलं की दिवाळीच्या तोंडावर दुकानांतल्या ट्यूबवर हिरवे तुडतुडे, एवढे की मिठाईवाल्यांनी निम्मे दिवे बंद करून बर्फी विकावी. शिमग्याला सावरीच्या बुंध्याशी तांबड्या किड्यांची जत्रा. चावत नाहीत, डसत नाहीत, डब्यातला दाणा खात नाहीत. येतात, घर भरतं, माणसं ओरडतात, आणि एका सकाळी नसतात. कोण ह्यांना तारीख सांगतं? दोन पंचांगांत मेळ नसतो, पण ह्यांचा दिवस कधी चुकत नाही. येसाजी लोकांच्या पायरीवर बसून हे बघे आणि त्याच्या अंगावर काटा येई. देवळात गेल्यावर व्हायला हवं ते मला ह्या मोरीपाशी होतं, असं तो एकदा आनंदीबाईला म्हणाला होता.

ही फसवणूक होती. त्याला ते कळत होतं आणि मधूनमधून टोचतही होतं. पिवळ्या पंपाचे तो पेट्रोलपुरतेच पैसे घेई आणि मनाची समजूत काढी.

पुढे कोरोना आला आणि येसाजीचा वास गेला. ताप उतरला, खोकला गेला, पण नाक काही परत आलं नाही. फणस कापला तरी पत्ता नाही, दूध करपलं तरी पत्ता नाही. धंद्याला तर हा मोठाच घोर. औषध आणि पाणी दिसायला सारखंच, फरक काय तो वासाचा. रिकामा पंप धुऊन कधी कुठला भरला ह्याची आठवणही आता दगा देऊ लागलेली. तेव्हापासून रोज सकाळी आनंदीबाई दोन्ही पंपांची झाकणं काढून हुंगायची आणि सांगायची, "हे पाणी. हे औषध." तिनं सांगितल्याशिवाय पंप गाडीला बांधायचा नाही, असा घरातला कायदाच. गावातली माणसं चेष्टा करायची, येसाजीचं नाक आनंदीनं पदराला बांधून ठेवलंय. तो म्हणे, "ठेवलंय ते बरंच हाय. माझ्याजवळ ठेवलं आसतं तर तेबी हरवलं आसतं."

असा सगळा सुरळीत कारभार चाललेला, तेवढ्यात यंदाचा श्रावण आला.

मैथिली मॅडम तहसील कचेरीत अव्वल कारकून. बाई कडक, पण मनानं वाईट नाही. कॉलनीत त्यांचा बंगला आहे आणि दारात भला थोरला बहावा. मेमध्ये तो पिवळ्या घोसांनी लवलेला असताना त्यांच्या वैदेहीचं लग्न झालं होतं. आता तिची पहिली मंगळागौर, माहेरी, श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी. पुण्याहून सासरची माणसं येणार, पंधरा वशेळ्या, म्हणजे वैदेहीसारख्याच नव्या लग्नाच्या मुली, पूजेला बसणार. आणि नेमक्या ह्याच वेळी बहाव्यावर अळ्या पडल्या.

किती म्हणून सांगावं. हिरव्या, गुळगुळीत, करंगळीएवढ्या. झाडावर पान म्हणून उरलं नव्हतं, नुसत्या शिरा. आकाश मोकळं असतानाही झाडाखाली बारीक टपटप चाललेली, ती त्यांच्या लेंड्यांची. गुरुवारी येसाजी गेला तेव्हा पंप खाली ठेवून आधी तो डोळे मिटून ते ऐकतच राहिला. इतकी तोंडं एका वेळी खात होती आणि एकही दुसऱ्याच्या पानाला जात नव्हतं. मग भानावर येऊन त्यानं पिवळा पंप मारला आणि चार दिवसांत जातील म्हणून सांगितलं. जाणारच होत्या, पोट भरत आलं होतं त्यांचं.

पण मॅडमना चार दिवस कुठला धीर धरवायला. शनिवारी त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"काका, तुमच्या औषधाला वास आहे, गुण नाही."

"मॅडम, जातील. पिकत आल्यात त्या."

"अळ्या काय आंबे आहेत पिकायला? मागल्या वर्षीही असंच म्हणालात. ह्या वेळी मुली नऊवारी नेसून दारातून आत येणार, त्यांच्या अंबाड्यात अळ्या पडलेल्या मला चालायच्या नाहीत. मी मंगेशला सांगून ठेवलंय. सोमवारी संध्याकाळपर्यंत झाड साफ झालं नाही, तर ह्याच मंगळवारी सकाळी, मंगळागौरीच्या आठ दिवस आधी, बहावा तोडून टाकायचा."

मंगेश म्हणजे करवतीचं मशीन घेऊन फिरणारा झाडतोड्या. तो सांगितल्या वेळेच्या आधी येणारा माणूस.

येसाजी रविवारभर शेताच्या बांधावर बसून राहिला. झाड गेलं तर सगळंच गेलं. ह्या वर्षीच्या अळ्या गेल्या, पुढच्या वर्षीच्या गेल्या, बहावाही गेला. आणि अळ्या मारल्या तर झाड राहतं, झाड राहिलं तर पुढे कधीतरी त्या परत येतील. हिशोब सरळ होता. तिसरी वाटही होती, मॅडमना खरं सांगायची. तिच्याकडे त्यानं मान वळवूनही बघितलं नाही. आता आडपडदा कशाला, झाड वाचवायचं हे अर्धंच कारण होतं. बाकीचं अर्धं, अकरा वर्षांची अब्रू.

सोमवारी पहाटेच वीर गावाहून फोन आला. पूजाचे, म्हणजे त्यांच्या लेकीचे, दिवस भरले होते आणि अधूनमधून कळा सुरू झाल्या होत्या. आनंदीबाईची एकच धांदल. पिशवी भरली, देवापुढे दिवा लावला, ओटीचा नारळ हातात घेतला आणि उंबऱ्यात उभी राहून तिनं येसाजीला दहा गोष्टी बजावल्या. भाकऱ्या टोपलीत हायत, गाय शेजारच्या रामजीकडं बांधा, देवाला फूल घाला. अंगणात शेजारणी जमलेल्या. जाता जाता ती मागे वळली.

"आणि आवो, निळ्यातलं वाढवलंय मी. ध्यानात ठेवा."

ती एसटीकडे पळाली. येसाजीनं निळा पंप उचलून बघितला, तर काठोकाठ भरलेला. आपण तोंडातून शब्द काढला नाही आणि बायकोनं मनातलं ओळखून औषध वाढवून ठेवलं. म्हणजे तिलाही दुसरा मार्ग दिसत नव्हता. त्यानं निळा पंप गाडीला बांधला.

पाऊस उघडला होता. मॅडमना सांगून त्यानं घराच्या सगळ्या खिडक्या बंद करून घेतल्या. तोंडाला फडकं बांधलं आणि सुरुवात केली. फांद्यांवरून अळ्या ओंजळीनं खाली आल्या. काही बुंध्यावरून उतरून आधीच निघाल्या होत्या, कुंपणाच्या भिंतीला नळाच्या वरच्या बाजूला त्यांची रांगच लागली होती. तिथे येसाजी थांबला. नोझल भिंतीपासून वीतभर अंतरावर धरून त्यानं अंगठा दाबून ठेवला, भिंत निथळायला लागेपर्यंत दाबून ठेवला. "माफ करा," असं तो फडक्याआड पुटपुटला आणि त्यालाच त्याचा राग आला. मारायचं आणि वर माफीही मागायची.

तो घरी गेला नाही. नदी ओलांडून सव गावाला गेला आणि तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्याशी कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. गंधकाचा वास लोकांना नकोसा होतो म्हणतात, त्याला त्यातलं काही कळलं नाही.

मंगळवारी मॅडमचा फोन. "काका, झाड साफ. एक अळी नाही. ह्याला म्हणतात औषध. मंगेशला येऊ नको म्हणून कळवलं." येसाजीनं "बरं" म्हटलं आणि पुढ्यातली भाकरी तशीच झाकून ठेवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो दुसऱ्या दिवशी बघायला गेला नाही. काय बघायचं? भिंतीखाली सुकलेला ढीग?

बुधवारी रात्री पूजा बाळंत झाली, मुलगी झाली. गुरुवारी तो वीरला गेला. स्टेशनच्या पुढे दोन वळणांवर लेकीचं घर. आनंदीबाईनं बाळ आणून त्याच्यापुढे धरलं, तर ह्यानं हात मागे घेतले. सगळ्यांना वाटलं, पुरुषमाणूस, एवढंसं पोर घ्यायला भितोय. आनंदीबाईला तसं वाटलं नाही. पोर पूजाजवळ ठेवून ती त्याला परसात घेऊन गेली.

"काय झालंय?"

"मारल्या गो मी सगळ्या. मॅडमच्या बहाव्यावरच्या."

"कशानं?"

"निळ्यानं. तूच नाय का जाताना औषध वाढवून ठेवलंस."

आनंदीबाईनं कपाळाला हात लावला.

"अवो, वाढवलं म्हंजी रितं केलं. दिवा वाढवतात, दुकान वाढवतात, तसं. श्रावणी सोमवार, लेक अडलेली, हातात ओटीचा नारळ, चार बायका समोर. तितं उंबऱ्यात उभी राहून 'संपवलं' म्हनू मी? मी घरात नाय, तुमाला नाक नाय. म्हनून औषध डब्यात ओतलं नि डबा माळ्यावर टाकला. पंप धुतला नि त्याचा वायसर सुकाया नको म्हनून आत पानी भरून ठेवलं."

येसाजी धुण्याच्या दगडावर मटकन बसला. चार दिवसांचं ओझं उतरलं आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आनंदीबाई हसली नाही.

"म्हंजी तुमी मारायला निघालंवता," ती म्हणाली.

पाणी निघालं ते बायकोच्या हुशारीनं. अंगठा त्याचाच होता आणि तो त्यानं दाबलाच होता. आनंदीबाईनं त्याला जास्त छळलं नाही, आत जाऊन बाळ आणलं आणि ह्या वेळी न विचारता त्याच्या मांडीवर ठेवलं. पोरीनं मूठ त्याच्या शर्टात अडकवली.

अळ्या मग गेल्या कुठे, हे त्याला आता कोणी सांगायला नको होतं. पोट भरलं, वेळ झाली, आडोशाला गेल्या. शुक्रवारी सकाळी मॅडमचा फोन आला तो ह्याच बातमीचा.

"काका, हे काय आता नवीनच. भिंतीला, खिडकीच्या गजांना, तुळशीवृंदावनाला, झोपाळ्याच्या कड्यांना, जिथे बघावं तिथे हिरव्या शेंगा चिकटल्यात. हात लावला की वळवळतात. कामवाल्या सुंदराबाईला बोलावलंय, खराट्यानं खरवडून सगळं गरम पाण्यानं धुऊन घेते."

"मॅडम, खराटा लावू नका. मी आलोच."

वीरहून महाड किती लांब, पण त्या दिवशी त्याला ते अंतर संपता संपेना. तो पोचला तेव्हा सुंदराबाईनं पुढच्या पायऱ्या खरवडल्याही होत्या आणि सुपलीत ओंजळभर कोश पडले होते. काही फुटून त्यांतून हिरवं पाणी आलेलं. येसाजीनं सुपली बघितली आणि दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. पिवळा पंप, निळा पंप, डॉक्टरांचे वाणी, कापूर, नाक, वाढवलं-रितं केलं, सगळं. मध्ये एकदाही थांबला नाही, थांबला असता तर पुढे बोलवलं नसतं.

मैथिलीबाई ऐकत गेल्या तशा लाल होत गेल्या.

"अकरा वर्षं?"

"व्हय."

"म्हणजे मला फसवत होतात तेव्हाही पाणी, आणि खरं काम करायला आलात तेव्हाही पाणीच."

"व्हय मॅडम."

"सगळ्या कॉलनीला सांगणार आहे मी."

"सांगा. मी बरोबर येतो, नायतर तुमाला खरं नाय वाटायचं कुनाला. पन बुधवारी सांगा. आजपासून मंगळवारपर्यंत ह्यांना हात लावू नका. ह्या शेंगा न्हाईत, ह्या फुलपाखरं हायत. आठव्या दिवशी उडून जातात, मी बघितलंय. आठवा दिस मंगळवारचाच येतो."

"आणि नाही उडाली तर? पाहुण्यांना काय दाखवू, ही भिंत?"

येसाजीनं दोन्ही पंप गाडीवरून सोडून आणले आणि त्यांच्या ओटीवर ठेवले. "हे तुमच्याकडं ठेवा. नाय उडाली तर परत मागनार नाय."

मॅडम 'नाही' म्हणणारच होत्या. तेवढ्यात वैदेही बाहेर आली. ती आतून सगळं ऐकत होती. तिनं सुपलीतला एक धडका कोश उचलून तळहातावर घेतला, तो टुणकन हलला, आणि ती दचकली पण तिनं तो टाकला नाही.

"आई, मंगळागौर माझी आहे ना?" ती म्हणाली. "माझ्या मंगळागौरीला मला खराटा नको."

मॅडमनी दोन्ही पंप अडगळीच्या खोलीत टाकून कुलूप लावलं आणि आत गेल्या.

शनिवार गेला. रविवार गेला. पावसानं मधेच जोर धरला. येसाजी रोज कॉलनीत जाऊन रस्त्यावरूनच कुंपणाची भिंत बघायचा आणि परत यायचा. सोमवारी संध्याकाळी कोशांचा हिरवा रंग उडाला होता. पातळ साल झाली होती आणि सालीतून आत दुमडलेले पिवळे पंख दिसत होते. एका एका नखाएवढ्या जागेत तसा पंख, भिंतभर. गेली अकरा वर्षं तो हे बघत होता, पण इतके एका जागी त्यानं कधी बघितले नव्हते. त्याला तिथून हलवेना.

मंगळवारी सकाळी पाऊस. आठ वाजले, पाऊस. येसाजी फाटकाबाहेर छत्री घेऊन उभा. पुण्याची माणसं आली, छत्र्या झटकत आत गेली. वशेळ्या आल्या, नऊवारीचे सोगे सावरत. आतून पूजेचे आवाज यायला लागले. कोश जिथल्या तिथे. मॅडम एकदा दारात येऊन भिंतीकडे बघून गेल्या, येसाजीकडे नाही. नऊ वाजले. आरती झाली. त्याला वाटलं, आपण दिवस चुकलो. किंवा त्या दिवशी पाण्याच्या माऱ्यानंच आतले गुदमरून गेले.

साडेनवाच्या सुमाराला पाऊस थांबला आणि कुंपणावर ऊन आलं.

पहिला कोश फुटला तो तुळशीवृंदावनाचा. साल चिरली आणि एक ओला, चुरगळलेला जीव पाय झाडत बाहेर आला, सालीला लोंबकळला. मग त्याच्या शेजारचा. मग खिडकीच्या गजावरचे तीन. मग मोजायची सोय राहिली नाही. भिंतीभर बारीक हालचाल सुरू झाली, भिंतच जागी झाल्यासारखी. जो तो बाहेर येऊन उन्हाला लोंबत होता, आणि दमादमानं पंख उलगडत होते, पांढरे, बुडाशी लिंबासारखे पिवळे. ज्यांचे आधी सुकले ते उडाले आणि बोडक्या बहाव्याभोवती फिरायला लागले. कोवळी पालवी फुटायला लागली होती त्या फांद्यांना, आणि तिच्याभोवती शेकड्यांनी ही पाखरं.

प्रसाद घेता घेता मुली ओटीवर आल्या आणि तिथेच थबकल्या. कोणी ओरडलं नाही. कोणी मोबाइलही काढला नाही, निदान पहिली काही मिनिटं. एकीच्या अंबाड्यातल्या गजऱ्यावर एक फुलपाखरू बसलं, तर तिनं मानसुद्धा हलवली नाही. वैदेहीनं हात जोडले होते. ते तिला माहीत होतं असं वाटत नव्हतं.

येसाजी केव्हा आत आला त्याला कळलं नाही. तो सरळ नळापाशी गेला. जिथे त्यानं नोझल धरून अंगठा दाबून ठेवला होता, ती वीतभर जागा. तिथे भिंतीच्या खोबणीत दहा-बारा कोश होते आणि सगळे फुटत होते. उकिडवा बसून त्यानं आधाराला भिंतीला हात टेकला.

वैदेहीच्या सासूबाई पायऱ्या उतरून त्याच्याजवळ आल्या. पुण्याच्या बाई, त्यांनी असं काही बघितलेलं नव्हतं. "किती सुंदर हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही माळी का इथले? तुम्ही जपलीत ही?"

मागोमाग मैथिलीबाई आल्या होत्या, हातात प्रसादाचं तबक. त्यांनी येसाजीकडे बघितलं. शुक्रवारनंतर पहिल्यांदाच.

"नाय ताई," येसाजी म्हणाला. "मी मारायला आलो व्हतो. हितंच उभा राहून मारलं. माझ्या हातून कायच जपलं गेलं नाय."

सासूबाई हळूच बाजूला झाल्या. मैथिलीबाई तिथेच उभ्या राहिल्या.

इतक्यात नुकतंच बाहेर आलेलं एक पाखरू चढायला जागा शोधत भिंतीवरून येसाजीच्या टेकलेल्या हातावर आलं. बोटांवरून चाचपडत उजव्या अंगठ्याशी आलं आणि तिथे त्यानं पाय रोवले. पंख अजून ओल्या चिंधीसारखे लोंबत होते. येसाजीला माहीत होतं, आता हात हलला आणि हे खाली पडलं, तर पंख असेच चुरगळलेले सुकणार आणि हे जन्मभर उडणार नाही. त्यानं हात होता तसा ठेवला. गुडघे दुखायला लागले, डोळ्यांतलं पाणी नाकावर आलं, पुसायला हात नव्हता.

मैथिलीबाईंनी तबकातलं खोबरं-साखर उचलून पुढे केलं. "घ्या काका. प्रसाद."

प्रसाद काय डाव्या हातानं घ्यायचा असतो? येसाजीनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"मॅडम, हात मोकळा नाय."

त्यांनी वाकून त्याचा अंगठा बघितला. एक पंख सरळ झाला होता. दुसरा व्हायचा होता. आतून कोणीतरी त्यांना हाका मारत होतं, पानं मांडायची खोळंबली होती.

"आले," त्या म्हणाल्या आणि प्रसाद हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या.